ठकी मुंगी आणि टायगरच्या पोटाखालची चुंबळ

एक होती मुंगी. नाव तिचं ठकी. पाय सहा, पण ऐट साठ पायांची!

एकदा ठकीला ज्वारीचा दाणा सापडला. चांगला टपोरा. ठकी दाणा उचलून निघाली. तुरु तुरु तुरु! घरी तिची लेक बारकी भुकेली होती ना!

वाटेत जमिनीला होती भेग. ठकीबाई चालल्या नाक वर करून. टुप्पकन दाणा भेगेत! असा रुतून बसला, की ओढून निघेना!

"अगंबाई! गेला की गं माझा दाणा!"

ठकी रडली. एकच टिपूस रडली. मुंगीच्या डोळ्यात मावून मावून मावणार किती?

मग ती गेली कणसाकडे. तुरु तुरु तुरु!

"कणीसदादा, कणीसदादा, एक दाणा दे ना!"

कणीस म्हणालं, "दाणा कुठला? आत नुसतं दूध आहे. मार्गशीर्ष सरत आला, तरी घाम निघतोय. थंडी पडली, की मी भरेन."

थंडी बसली होती विहिरीच्या तळाशी. ठकी विहिरीत उतरली. तुरु तुरु तुरु!

"थंडीबाई, थंडीबाई, पड ना!
कणीस भरेना,
दाणा मिळेना,
बारकीचं रडं थांबेना!"

थंडी म्हणाली, "पडू कशी बाई? वर ढग बसलाय गोधडी पसरून. ढग हलला, की मी पडेन."

ठकी बाभळीच्या शेंड्यावर चढली. तुरु तुरु तुरु!

"ढगोबा, ढगोबा, हला ना!
थंडी पडेना,
कणीस भरेना,
दाणा मिळेना,
बारकीचं रडं थांबेना!"

ढग म्हणाला, "तुला पाय सहा. मला आहे का एक तरी? वारा सुटला, की मी हलेन."

वारा माळावर लोळत होता. ठकी माळावर गेली. तुरु तुरु तुरु!

"वारेराव, वारेराव, सुटा ना!
ढग हलेना,
थंडी पडेना,
कणीस भरेना,
दाणा मिळेना,
बारकीचं रडं थांबेना!"

वारा रुसला होता. म्हणाला, "आज येळवस, वेळा अमावस्येचा सण! आज शेतात आंबील शिंपडतात. ताकातली, ज्वारीच्या पिठाची, आंबट आंबट. माझा घोट कुठंय? आंबील आली, की मी सुटेन."

आंबील होती कलावतीकाकूंच्या अंगणात. मडकं काठोकाठ भरलेलं. काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या. ठकी गेली. तुरु तुरु तुरु!

"काकू, काकू, आंबील न्या ना!
वारा सुटेना,
ढग हलेना,
थंडी पडेना,
कणीस भरेना,
दाणा मिळेना,
बारकीचं रडं थांबेना!"

काकू म्हणाल्या, "नेते गं माझे बाई! पण मडकं डोक्यावर ठेवायला चुंबळ नको? छान फडकं घेतलं, गोल गोल चुंबळ केली. अन् त्यावर हा टायगर झोपलाय! हाड म्हटलं, हाड हाड म्हटलं. ढिम्म हलत नाही मेला! टायगर उठला, की मी आंबील नेईन."

टायगर म्हणजे काकूंचा कुत्रा. नाव टायगर, काम झोपणं. घुर्रर्र... घुर्रर्र...

ठकी त्याच्या कानाशी गेली. तुरु तुरु तुरु!

"टायगरभाऊ, टायगरभाऊ, ऊठ ना!
आंबील जाईना,
वारा सुटेना,
ढग हलेना,
थंडी पडेना,
कणीस भरेना,
दाणा मिळेना,
बारकीचं रडं थांबेना!"

टायगरने एक डोळा उघडला. "कुणी चावल्याशिवाय मी उठत नाही. आणि मला चावणार कोण? मी टायगर!"

डोळा बंद. घुर्रर्र... घुर्रर्र...

ठकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग स्वतःकडे बघितलं.

"हात्तिच्या! एवढंच होय?"

विहिरीत उतरली, बाभळीवर चढली, माळ तुडवला. आणि औषध होतं तिच्याच तोंडात!

ठकी गेली टायगरच्या शेपटीखाली. आणि...

कच्चकन!

"क्याँव क्याँव क्याँव!"

टायगर उठला! उठला कसला, उडालाच!
काकूंनी चुंबळ घेतली, आंबील शेतात नेली. शिप शिप शिप!
वारा घोटभर प्याला आणि सुटला. सूं सूं सूं!
ढग हलला. हळू हळू हळू!
थंडी पडली. हुडहुड हुडहुड!
एक रात्र पडली, दोन रात्री पडली, तीन रात्री पडली.
कणीस भरलं. टच्च टच्च टच्च!

कणीस वाकलं आणि म्हणालं, "घे गं ठकी. तुझा दाणा."

टपकन!

हिरवा हिरवा, गोड गोड, कोवळा दाणा. ठकी पळत सुटली घरी. तुरु तुरु तुरु!

बारकीने दाणा खाल्ला. मटामटा खाल्ला. बारकीचं रडं थांबलं एकदाचं!

ठकीने सहाही पाय पसरले. "हुश्श! भरलं ना गं पोट?"

बारकीने ओठ चाटले.

"आई, अजून एक!"

आंबील वाऱ्याला, दाणा बारकीला, आणि गोष्ट आमच्या बाळाला!