टिटवीची सूचना

झाडांनाही बोलता यायचं तेव्हाची ही गोष्ट. सुतारपक्ष्याने जंगलाच्या कचेरीसाठी एक लाकडी पोपट घडवला. काहीही सांगा, तो पानावर सुबक लिहून द्यायचा. मथळा तोच, समास तोच, कडेची वेलबुट्टीही तीच. सगळी पानं वडाला टांगली जायची.

एके दुपारी टिटवी सशिणीच्या बिळाशी आली. "तळ्याच्या बांधाला भगदाड पडलंय! पिलांना घेऊन टेकडीवर चल!"

"वडावर पान लागलंय का?" सशिणीने विचारलं. "खरं असतं तर लागलं असतं."

टिटवी धावत कचेरीत गेली. पोपटाने लिहून दिलं. आंबे-वाटप आणि सिंहाचा वाढदिवस यांच्या मधोमध तिचं पान लागलं, तितकंच देखणं.

सशीण वडाखाली येऊन गेली. एकसारख्या पानांवरून नजर फिरवून म्हणाली, "घाईचं काही दिसत नाही."

संध्याकाळी बांध फुटला. बिळातून कुणीच वर आलं नाही.

टिटवी कारभारी कोल्ह्यापुढे रडली. तो म्हणाला, "सूचना लावली होती. अगदी नमुन्याप्रमाणे."

तेव्हापासून टिटवी काही लिहून घेत नाही. धोका दिसला की आभाळभर ओरडत सुटते. आणि ऐकणारे म्हणतात, "हाकला मेलीला, अपशकुनी आहे."