मनगटाची परीक्षा

दरबारात कोणाच्या तरी तोंडाला घाण वास येतो, अशी कुजबुज रानवडीच्या सरकारांच्या कानावर आली. चवरी ढाळणारा धोंडू सारखा तोंड फिरवून उभा असायचा. सरकारांनी लगेच तर्क लढवला, "वास याचाच. काढा याला नोकरीवरून!"

दिवाणांच्या दाढेला लवंगतेल लावायला आलेली भिवराबाई वैदीण पुढे झाली. "सरकार, आधी परीक्षा तर होऊ द्या. मनगट जिभेनं ओलं करायचं, वाळू द्यायचं आणि ज्याचं त्यानं हुंगायचं. लगेच कळतं."

"घे परीक्षा."

"पण पहिला मान सरकारांचा. तुमच्याआधी इथं कोणी विडासुद्धा उचलत नाही."

सरकार खूश झाले. त्यांनी मनगट चाटलं, वाळवलं, ऐटीत नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहराच पडला.

धोंडू मनगट चाटणार, तोच सरकार घाईनं म्हणाले, "पुरे! बाकीच्यांची गरज नाही." मग दरडावून विचारलं, "वास कोणाचा, ते कळलं तुला?"

"मी कुठं हुंगलंय, सरकार? हुंगलं त्याला ठाऊक. मला फक्त उपाय ठाऊक. रोज जिभेवरचा थर काढायचा, जेवल्यावर खळखळून चुळा भरायच्या आणि गालात पान धरून झोपायचं नाही."

गालात पान धरून झोपणारा माणूस अख्ख्या राजवाड्यात एकच होता.

धोंडूची नोकरी राहिली. भिवराबाईच्या घरी लुगडं-चोळी गेली. पंधरा दिवसांनी सरकारांनी हळूच विचारलं, "धोंड्या, आता?"

"आता समोर बघून चवरी ढाळतो, सरकार."