बंद नाकाची वाइन

नाशिकच्या बाजूला, द्राक्षांच्या एका गावात एक भोळा दुभाष्या होता. निवृत्ती त्याचं नाव. जहाजावर स्पॅनिश खलाशांना भाकऱ्या भाजून घालता घालता तो त्यांची भाषा शिकला आणि कप्तानाच्या शिव्या खाता खाता इंग्रजी. गावी परतल्यावर दोन्ही भाषा पडून होत्या. लोक म्हणत, निवृत्तीला बोलता सगळं येतं, कळत काही नाही.

त्याच गावात इंदुताई मोगल यांनी वाइनचा कारखाना काढला. पहिल्या वर्षाची वाइन तळघरात पिंपांत भरून ठेवलेली. ती घ्यायला लंडनहून हॅरिससाहेब आले. सोबत चव बघणाऱ्या पिलारबाई. बाईंना स्पॅनिशखेरीज काही येईना, साहेबांना इंग्रजीखेरीज. इंदुताईंनी निवृत्तीला बोलावलं. वाइन खपली नाही तर कारखान्याला कुलूप, हे त्याला सांगितलं आणि बजावलं, "बाई म्हणतील तेच सांग. पदरचं काही घालू नकोस."

निवृत्ती इस्त्रीचा सदरा घालून आला. इतक्या वर्षांत त्याला कुणी कामाला बोलावलं नव्हतं.

तळघराबाहेर ओसरीवर सगळे बसले. बाईंनी पेला फिरवला, काचेवरचे ओघळ पाहिले आणि म्हणाल्या, हिचे अश्रू चांगले आहेत. निवृत्तीने साहेबांना सांगितलं, वाइन चांगली रडते. साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला.

इंदुताईंनी निवृत्तीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, अरे, त्या ओघळांना त्यांच्यात अश्रू म्हणतात आणि इंग्रजीत पाय. बाई अश्रू म्हणाल्या की तू पाय म्हणायचं. निवृत्तीने मान डोलावली. पटण्यासारखंच होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. ठसका थेट बाहेर आला. बाई डोळे पुसत म्हणाल्या, माझ्या डोळ्यांत अश्रू आले.

निवृत्तीने साहेबांना सांगितलं, "बाईंच्या डोळ्यांत पाय आले."

साहेब वाकून बाईंच्या डोळ्यांत बघू लागले. बाई खुर्ची मागे सरकवू लागल्या. इंदुताई पुन्हा उठल्या. म्हणाल्या, निवृत्ती, पाहुण्या बाईंना काही झालं तर आधी उपाय करायचा, भाषांतर मागनं. निवृत्तीला हेही पटलं. आपल्याला हे आधीच सुचायला हवं होतं, असं वाटून तो जरा ओशाळला.

बाईंनी पेल्यात नाक घातलं, बराच वेळ हुंगलं आणि म्हणाल्या, नाक बंद आहे.

निवृत्ती तडक स्वयंपाकघरात गेला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकली आणि आणून बाईंच्या नाकाखाली धरली. त्यानंतर बाईंना पेल्यात ओवा, बाटलीत ओवा, साहेबांच्या कोटालाही ओव्याचाच वास. सगळ्यांनी चहा घेतला आणि बाईंचं नाक ताळ्यावर यायची वाट बघत बसले.

इंदुताई आवाज खाली ठेवून बोलल्या. "नाक वाइनचं बंद होतं रे. तिचा वास मोकळा झाला नव्हता. बाई बंद म्हणाल्या की विचारत बसू नकोस. तोटी उघडायची, पसरट भांड्यात ओतायची, वारा लागू द्यायचा."

निवृत्तीने ताबडतोब तळघरात जाऊन एका पिंपाची तोटी उघडली, परातीत वाइन काढली, वारा लागू दिला. बाईंनी परत चव घेतली. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. साहेबांनीही घेतला. इंदुताईंनी निवृत्तीकडे बघून पहिल्यांदाच पसंतीने मान डोलावली. निवृत्तीची छाती फुगली.

मग बाईंनी पेला ठेवला आणि हसून त्याला म्हणाल्या, साहेबांना सांग, सगळं तळघर घ्या. सौदा बंद.

त्यांच्यात सौदा पक्का झाला की बंद झाला म्हणतात. निवृत्ती उठला आणि धावतच तळघरात गेला.

बाहेर तिघं त्याची वाट बघत बसले. बाई हसत होत्या, म्हणून साहेब हसले. साहेब हसले, म्हणून इंदुताईंनी पेढे मागवले.

पेढे आले, तेव्हा तळघराच्या दारातून लाल ओघळ बाहेर येत होता. इंदुताई धावल्या. एकूण एक पिंपाची तोटी उघडी होती. निवृत्ती घोट्याएवढ्या वाइनमध्ये उभा राहून सुपाने वारा घालत होता.

"ताई," तो म्हणाला, "एवढ्या वाइनला पसरट भांडं मिळेना. म्हणून फरशीवरच ओतली."