ग्रंथघर आणि कडूकंद

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगरांच्या मधोमध एक लहानसं राज्य होतं. तिथली माणसं नाचणी पिकवत, शेळ्या राखत आणि राजाला आपल्यातलाच एक समजत. समुद्रापलीकडे एक मोठं, संपन्न राज्य होतं. तिथल्या राणीला एकदा वाटलं, या डोंगरातल्या लोकांचं भलं व्हावं. म्हणून तिनं एक गलबत भरून ग्रंथ पाठवले.

ग्रंथांच्या पेट्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून आल्या. राजानं टेकडीवर एक कौलारू घर बांधून त्यात ते ठेवले. लोक त्याला ग्रंथघर म्हणू लागले. तिथली व्यवस्था पाहायला राजानं त्रिंबकपंतांना नेमलं. पंत तरुणपणी बंदरावर राहिले होते, त्यामुळे पलीकडची भाषा त्यांना वाचता येत होती.

पंत माणूस वाईट नव्हते, बरं का. ग्रंथांवर त्यांचा पोटच्या लेकरांसारखा जीव होता. कसर लागू नये म्हणून ते पानांमध्ये कडुनिंबाचा पाला ठेवत. उन्हाळ्यात एकेक ग्रंथ ओसरीवर आणून त्याला ऊन दाखवत. एकच भीती त्यांच्या मनात असे. राणीची माणसं कधीतरी पाहायला येतील, तेव्हा एखाद्या पानावर बोटाचा डाग दिसला तर काय म्हणतील?

म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली होती: ‘वाचता येणाऱ्यांनीच आत यावे.’ आता गंमत पाहा. ज्यांना अडवायचं होतं त्यांना ती पाटी वाचताच येत नव्हती. पण पंतांचा चेहरा सगळ्यांना वाचता येत होता. त्यामुळे कुणी आत जात नसे.

मग एका वर्षी टोळधाड आली. आभाळ तपकिरी झालं, आणि ते पुढे सरकलं तेव्हा शेतात नाचणीचं एक कणीसही उरलं नव्हतं. थोडे दिवस लोकांनी साठवणीतलं खाल्लं. मग कुदळी घेऊन ते रानात गेले आणि जमिनीखालचे कंद उकरू लागले. त्यात कडूकंद म्हणून एक कंद होता. रानात तो हवा तेवढा होता. पण तो खाल्ला की ओठ सुजत, उलट्या होत, डोकं गरगरे. तरीही पोट रिकामं असलेला माणूस तो खाईच.

एके सकाळी ग्रंथघराच्या पायरीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. सगुणा तिचं नाव. दूरच्या वाडीवरून चालत आली होती. कडेवर चार वर्षांची लेक होती, ठकी. ठकीचे ओठ सुजून जांभळे झाले होते.

“पंत,” सगुणा म्हणाली, “एवढे ग्रंथ आहेत म्हणतात इथं. कडूकंदातलं विष कसं काढायचं, ते कशात लिहिलं असेल का?”

“तुला वाचता येतं?” पंतांनी विचारलं.

“नाही.”

“मग बाई, आत येऊन तू करणार काय?”

सगुणा रागावली नाही. तिनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. “खरंच आहे,” असं हळूच म्हणाली आणि आल्या वाटेनं परत गेली.

पंत आत जाऊन पाला बदलू लागले. पण हात चालेना. बाईनं ग्रंथ मागितलाच नव्हता. तिनं फक्त एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर शोधून वाचायला आपल्याला तर येत होतं!

त्यांनी एक ग्रंथ उघडला, मग दुसरा. तीन दिवस पंत जेवणखाण विसरून शोधत राहिले. वनस्पतींवरचे सहा जाड ग्रंथ त्यांनी पालथे घातले. त्यांत बर्फाच्या देशातल्या मुळांविषयी पुष्कळ होतं. ती कधी पेरावीत, कशी साठवावीत, सगळं चित्रांसह होतं. कडूकंदाचं नावही कुठे नव्हतं. लिहिणाऱ्यांनी तो पाहिलाच नव्हता, मग ते तरी काय लिहिणार?

चौथ्या दिवशी पंतांनी ग्रंथघराला कुलूप घातलं आणि ते वाडीकडे निघाले. उत्तर मिळालं नाही, निदान हे तरी त्या बाईला सांगावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वाडीवर पोचले तेव्हा सगुणा अंगणात बसली होती. ठकी तिच्या मांडीवर निजली होती.

“सापडलं का हो पंत?” तिनं विचारलं.

“नाही सापडलं. सगळं पाहिलं.”

“आमच्या आत्याबाई परवा गेल्या,” सगुणा म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. “म्हणायच्या, कंद आधी मी खाऊन बघते, मला सोसला तर पोरीला द्या. आम्ही घाबरू नये म्हणून दोन दिवस काही झालं नाही असं दाखवत राहिल्या, अन् आम्ही पोरीलाही दिला.”

पंत तिथंच मातीत बसले. “मी तुला दारातून परत पाठवलं,” ते म्हणाले.

सगुणानं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “तुम्ही एवढं चालत आलात,” ती म्हणाली. “आमच्याकडं असं कोण येतं?” तिच्या या बोलण्यानं पंतांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वरच्या रानातून एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन उतरली. तिचं नाव बुधी. रानातच राहणारी, गावात फक्त लाकडं विकायला येणारी. मोळी टेकवून तिनं ठकीकडं पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेले कंद पाहिले.

“कच्चाच खाल्ला व्हय?” ती म्हणाली.

“उकडून खाल्ला,” सगुणा म्हणाली.

“नुसता उकडून भागत नाय. ह्याच्या पातळ चकत्या करायच्या. राख घालून उकळायच्या. मग टोपलीत भरून वाहत्या वढ्यात ठेवायच्या, एक दिस, एक रात. मग एक चकती जिभेवर ठेवायची. जीभ चुरचुरली तर अजून एक दिस पाण्यात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच खातो.”

पंत चकित झाले. “आजी, तुम्हाला हे ठाऊक होतं, तर इतके दिवस गावात सांगितलं का नाही?”

बुधी त्यांच्याकडं पाहत राहिली. “कुणी इचारलंच नाय,” ती म्हणाली. “अन्‌ मी हून काय सांगू? लाकडं उतरवून घेतात, पण दारात कुणी बस म्हणत नाय.”

पंतांनी तिला आपल्याजवळ बसवलं. झोळीतून कागद काढला आणि म्हणाले, “आजी, पुन्हा सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा.” म्हातारी सांगत गेली, पंत लिहीत गेले. चकती किती पातळ असावी, राख कोणत्या लाकडाची असावी, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. आपलं बोलणं कागदावरून परत येताना ऐकून बुधी तोंडाला पदर लावून हसली. एका ठिकाणी तिनं अडवलं आणि चूक दुरुस्त करायला लावली.

सगुणानं तसंच करून पाहिलं. दोन दिवसांनी पहिली चकती बुधीनं स्वतः खाल्ली, मग पंतांनी, मग सगुणानं. ठकी उठून बसली होती. तिची सूज ओसरली होती आणि तिला भूक लागली होती. तिनं पाच चकत्या खाल्ल्या आणि सहावी मागितली.

पंत तो कागद घेऊन वाड्यावाड्यांतून फिरले. जिथं जातील तिथं माणसं गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवत. पुढचं पीक येईपर्यंत त्या राज्यात कडूकंदानं कुणी दगावलं नाही.

परतल्यावर त्यांनी दारावरची पाटी काढली. ओसरीवर घोंगडी अंथरली. ज्याला काही विचारायचं असेल तो येऊन बसू लागला. पंत ग्रंथात शोधून त्याला त्याच्या भाषेत सांगत. ग्रंथात नसेल ते कुणाला ठाऊक असेल याची चौकशी करत, आणि मिळालं की लिहून ठेवत. सुईण आली, धनगर आला, विहिरी खणणारा आला. बुधी तर दर बाजाराच्या दिवशी येई, आणि आता ती मोळी खाली ठेवून आधी बसे.

काही वर्षांनी समुद्रापलीकडून राणीचा दूत आला. त्यानं ग्रंथ उघडून पाहिले. पानांवर हळदीचे डाग होते, मातीचे ठसे होते. एका ग्रंथावर तर शेळीनं दात मारले होते.

दूताच्या कपाळावर आठ्या पडल्या. “आमच्या राणीसाहेबांच्या देणगीची ही दशा?” तो म्हणाला.

पूर्वीचे पंत असते तर लटपटले असते. आता ते शांतपणे म्हणाले, “महाराज, राणीसाहेबांना सांगा, त्यांची देणगी पोचली. गलबत आलं तेव्हा ती फक्त टेकडीपर्यंत पोचली होती. आता घराघरात पोचली आहे.” मग त्यांनी त्याला ओसरीवर बसवलं आणि लोकांनी सांगितलेल्या गोष्टींचे कागद एकेक करून त्याच्या भाषेत वाचून दाखवले.

दूत दुपारपर्यंत ऐकत राहिला. जेवायची वेळ झाली तरी उठेना. शेवटी म्हणाला, “यातल्या कितीतरी गोष्टी आमच्याकडे कुणालाच माहीत नाहीत. याच्या प्रती मिळतील का? आणि पुढच्या गलबतातून तुम्हाला काय पाठवू?”

पंतांनी ओसरीवर बसलेल्या माणसांना तो प्रश्न त्यांच्या भाषेत सांगितला. मग बुधी म्हणाली, “कोरे कागद पाठवा, बाबा. आमचं अजून लई सांगायचं राहिलंय.”

पुढचं गलबत आलं तेव्हा त्यात निम्मे ग्रंथ होते आणि निम्मे कोरे कागद. परत जाताना तेही रिकामं गेलं नाही. डोंगरातल्या माणसांनी सांगितलेलं आणि पंतांनी लिहिलेलं, पेट्या भरभरून त्यातून पलीकडे गेलं.

तात्पर्य: ज्ञान कुलपात जपून वाढत नाही, विचारायला आलेल्याला आणि सांगायला आलेल्याला, दोघांनाही बसायला जागा दिली तरच ते वाढतं.