दोन जिभांची तलवार आणि सटवाजी लोहार

फार वर्षांपूर्वी, करंजखिंडीतून एका वेळी एकच बैल जाई आणि तोही कुरकुरत, त्या काळातली ही गोष्ट. खिंडीच्या पायथ्याच्या गावात सटवाजी लोहार राहत असे. त्याच्या हातची तलवार उशाला घेऊन झोपलं, तर स्वप्नातलाही शत्रू कापला जाई, असं म्हणतात. दिसायला मात्र साधीच. मनगटाला पेलेल एवढं वजन, पात्याला किंचित बाक, आणि म्यानातून एका हिसक्यात बाहेर. बस.

एका नवरात्रात गावात एक गोंधळी आला आणि सटवाजीच्या कपाळावर कायमची आठी पडली. गोंधळ्याच्या कथेतल्या वीराची तलवार ताडाएवढी, तिला दोन जिभा, धारेला मगरीचे दात. आणि वीर ती एका हाताने गरगर फिरवी! दुसऱ्या दिवशी अख्खं गाव ऐरणीपुढे हजर.

"मला नागासारखी वळणावळणाची द्या."

"म्यानात कशी घालशील रे? पुंगी वाजवून?"

"मला दारासारखी रुंद."

"आणि उचलायला बैल जुंपणार?"

"मला दातांची."

"लढायचंय की ओंडके कापायचेत? पहिल्याच ढालीत अडकेल, मग दोघं मिळून ओढत बसा!"

सगळ्यांना त्याने हाकललं. पण मग आला धर्माजी, त्याचा जावई. लेक राही गावातच दिलेली, लग्नानंतरचा पहिलाच दसरा, आणि जावयाला हवी दोन जिभांची तलवार.

"एका वारात दोन माणसं, मामा."

"जावईबापू," सटवाजी दात आवळून म्हणाला, "ती दोघं तुमच्यासाठी चिकटून उभी राहणार आहेत का? आणि फाट्यावर पातं मोडतं हो."

"बरं, नाही म्हणत असाल तर..." जावयाने पागोटं सावरलं आणि तोंड फिरवलं.

पहिल्या सणाला जावई रुसणं म्हणजे काय, ते लेकीच्या बापालाच विचारा. सटवाजीने कपाळ बडवून घेतलं आणि तलवार घडवली. लगेच गाव म्हणालं, "जावयाला दिली, मग आम्ही काय परके?" भाता रात्रंदिवस चालला. दारासारख्या तलवारीने एकटीने गाडीभर कोळसा खाल्ला. शेवटी गावात कोळशाचा तुकडा उरला नाही.

आणि मग एका सकाळी गुराखी धापा टाकत आला. लुटारूंचे घोडेस्वार डोंगर चढत होते; दिवस मावळायच्या आत खिंडीत पोचणार होते. गावाने शिंग फुंकलं, तलवारींना हात घातला. नागमोडी तलवार म्यानातून निघेना. दातांची निघाली, ती धन्याचं धोतर घेऊनच. दारासारखी भिंतीला टेकलेली होती, तशीच टेकलेली राहिली. धर्माजीने सरावाला बाभळीवर वार केला. एक जीभ झाडातच राहिली.

"तरी जाणार," तो म्हणाला. "खिंड सोडली तर गाव जाळतील."

राही दारात उभी होती. ती नुसती बापाकडे बघत राहिली. सटवाजीला ते बघणं सोसवेना. पाती पुन्हा घडवायची तर विस्तव हवा, आणि भट्टीत नुसती राख.

मोडकी तलवार मुठीत धरून तो तसाच उभा होता. धर्माजी जवळ आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मामा, मुठीच्या दोन्ही बाजूंना पातं ठेवलं असतं तर? मागचाही मारता आला असता."

आधी सटवाजीचं कपाळ लाल झालं, मग कान, मग दंड, मग मूठ. आणि मग मुठीतलं पातंही लालबुंद झालं. हाताला मात्र साधा फोडही आला नाही, असं म्हणतात.

"विचारा!" राही ओरडली. "अजून काहीतरी विचारा त्यांना!"

गावाने रांग लावली. "काचेची केली तर शत्रूला दिसणारच नाही ना?" ठण्ण! "फेकली की परत येईल अशी जमते का?" ठण्ण! "पेटवूनच म्यानात ठेवली तर?" यावर ऐरणसुद्धा पांढरी पडली. "अरे, म्यान लाकडाचं असतं!" सटवाजी किंचाळत होता आणि घण घालत होता. दात गेले, वळणं सरळ झाली, दारासारखीतून पाच तलवारी निघाल्या. पाणी द्यायला पाती ओढ्यात बुडवली, तर ओढा पुढे वर्षभर कोमट वाहत होता.

दिवस मावळताना खिंडीच्या तोंडाशी गावातल्या सगळ्या तलवारी बापजाद्यांच्या जुन्या म्यानांतून एकदम बाहेर आल्या. आवाज एकच झाला. पुढचा घोडा बुजून उधळला, मागच्यावर पडला, तो त्याच्या मागच्यावर. एकाच बैलापुरती ती वाट! लुटारू जे माघारी फिरले, ते मुलूख ओलांडूनच थांबले.

धर्माजी धडधाकट परत आला. राहीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासऱ्याच्या पाया पडत तो म्हणाला, "मामा, तलवार झकास आहे. जरा साधी दिसते एवढंच. टोकावर मोर बसवला असता तर?"

शेजारी पडलेला नांगराचा फाळ लाल झाला.

सटवाजीला जाऊन किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. त्याची ऐरण अजून पिंपळाखाली आहे. दर खंडेनवमीला गाव तिच्यावर कोयते, विळे, नट-बोल्टचे पाने, ट्रॅक्टरच्या किल्ल्यासुद्धा मांडतं. मग मानकरी वाकून तिला एक बिनडोक प्रश्न विचारतो. दरवर्षी नवा हवा, जुना चालत नाही. नंतर हात लावून बघायचं. ऐरण कोमट लागली की पूजा पावली.

गेल्या खेपेला एका शहरातल्या पाहुण्याला मान दिला. तो वाकला आणि हसत म्हणाला, "सटवाजीबाबा, तुम्ही खरंच होऊन गेलात का हो?"

ऐरणीवरचे झेंडू जागच्या जागी करपले, असं म्हणतात.