श्वासावरचा पहारा

“…आणि त्या पेशींचा ताल चुकला तर, भन्तेजी?”

उत्पलाने हा प्रश्न विहाराच्या ओट्यावर विचारला खरा, पण महिनाभर तो तिच्या उशाशीच होता.

तिची चार वर्षांची लेक तिष्या झोपेत श्वास घेता घेता मध्येच थांबायची. क्षणभरच. मग एक उसासा, की पुन्हा सगळं सुरळीत. डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं होतं, लहान मुलांचं असं होतं, काळजीचं काही नाही. उत्पलाने शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन कॉलेजचं जाडजूड पुस्तक काढलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला नुसत्या ‘काही नाही’ने झोप कशी लागणार?

आता ती भन्ते विमलसारांना समजावून सांगत होती. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरच, चिमूटभर पेशी असतात. श्वासाचा ताल त्याच धरतात. छातीखालच्या पडद्याला सांगतात, ओढ. पण त्याच्या निमिषभर आधी जिभेच्या नि घशाच्या स्नायूंना सांगतात, वाट मोकळी करा. झोपेत हे स्नायू सैल पडतात. आणि त्या पेशींवर लक्ष ठेवायला कुणीच नसतं.

म्हाताऱ्या भन्तेंनी तिला जिभेचं पुन्हा सांगायला लावलं. त्यांना ते फार आवडलं होतं.

“म्हणजे आधी दार, मग पाहुणा.”

“हो. पण दार उघडलंच नाही तर?”

भन्तेंनी उलट विचारलं, मागे शिकवलेलं आनापान चालू आहे की सुटलं? येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत बसायचं, एवढंच तर होतं.

उत्पला जरा ताठ बसली. या एका बाबतीत तरी ती नापास नव्हती. “रोज करते, भन्तेजी. रात्र रात्र करते.”

“कुणाच्या श्वासावर?”

उत्पलाची नजर पायरीकडे गेली.

“बाई?”

“…तिष्याच्या.”

भन्ते हसले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

“बरं. आता तुमचा श्वास तुम्ही घ्या,” ते म्हणाले. “एकही चुकवू नका. पेशींना आज सुट्टी.”

उत्पलाने डोळे मिटले. आत… बाहेर… आत… जरा वेळातच छाती भरून आली, श्वास कधी तोकडा पडू लागला तर कधी उगाच लांबू लागला. इतकी वर्षं हे आपल्याला जमत कसं होतं, असा प्रश्न पडून ती घाबरलीच.

भन्तेंनी पाण्याचा पेला पुढे केला. ती घटाघटा प्यायली.

“गिळताना श्वास कुणी थांबवला?”

उत्पला पेल्याकडे पाहत राहिली. तिने तरी थांबवला नव्हता. तिला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

“दिलेली सुट्टी त्यांनी घेतलेली दिसत नाही,” भन्ते म्हणाले.

“पण मी आई आहे, भन्तेजी. मी पाहिलं नाही, आणि…”

वाक्य तिथेच राहिलं. ते पुरं करायची तिची हिंमत नव्हती.

पायरीपाशी तिष्या लोकांच्या चपलांच्या जोड्या लावत बसली होती, दर जोडीतली एक चप्पल भलत्याचीच. भन्तेंनी तिला हाक मारली.

“आई रात्री काय करते गं?”

“माझ्या नाकापाशी बोट धरते.”

उत्पलाचा चेहरा उतरला. “तू तर झोपलेली असतेस ना, पिल्लू?”

“नाही. मी डोळे मिटून मोठ्ठ्याने श्वास घेते. तुला ऐकू यायला.” मग तिने जरा तक्रारीच्या सुरात भन्तेंना सांगितलं, “कधीकधी दमते मी. मग थोडं थांबते.”

उत्पलाने हातातला पेला हळूच खाली ठेवला.

“मग तू झोपतेस कधी?” भन्तेंनी विचारलं.

तिष्याने एक चप्पल उचलली, दुसऱ्या चपलेशी लावून पाहिली.

“आई झोपली की,” ती म्हणाली. “मग मला श्वास घ्यावाच लागत नाही. तो आपला आपण येतो.”