कालवाची सोबतीण

फार जुन्या काळी, समुद्रकाठच्या उंच कातळातल्या डबक्यात खडकाला चिकटलेलं एक कालव आणि त्याची सोबतीण मासोळी राहायची. उधाणाच्या दिवसांत भरती तिथवर चढून, गार पाणी आणून डबकं निववायची.

उधाण ओसरताना डबक्यातून समुद्राकडे निघालेली कुर्ली खेकडी म्हणाली, "मासोळी, खाली चल गं. आता आठ दिवस भरती इथवर चढायची नाही. डबकं तापेल."

मासोळीने कालवाकडे पाहिलं.

"थांब गं," कालव म्हणालं. "असली कितीतरी उन्हं मी पाहिलीत."

मासोळी थांबली. तिसऱ्या दुपारी पाण्याचे चटके बसू लागले, तसे कालवाने सवयीने आपले शिंपले मिटून घेतले. बाहेरून शिंपल्यांवर बराच वेळ टकटक होत राहिली.

ते आठ दिवस सरले आणि गार लाट आली. कालवाने शिंपले उघडले. "आलं बघ गं पाणी!"

मासोळी हलली. पण तिला लाट हलवत होती.